नागपूर–मेलबर्न–सिडनी–बाली: १७ रात्री, पाच माणसं. क्रम आणि तिकिटं कशी लावायची?

अंबाझरी_५ | रविवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मेअखेर निघून जूनच्या मध्यावर परत, असा बेत आखून राहिलो आहे. आपल्याकडच्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, त्यामुळे १७ रात्री बसतात. माणसं पाच: आम्ही दोघं, मुलं १३ आणि ८ वर्षांची, आई ६९. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, सपाटीवर चालते, जिने जमत नाहीत. सगळे शाकाहारी, अंडंही नाही.

कच्चा आराखडा असा: नागपूर–मुंबई–बाली (६ रात्री)–सिडनी (४)–मेलबर्न (४)–सिंगापूर (२)–मुंबई–नागपूर. एक रात्र विमानात.

प्रश्न तीन. क्रम बरोबर आहे का? तिकिटं एकत्र काढायची की तुकड्यांनी? आणि नागपूर–मुंबईचा तुकडा कसा जोडायचा?

---

सोनेगाव | रविवार, रात्री १०:४२

क्रम उलटा करा. मेलबर्न, सिडनी, मग बाली आणि सगळ्यात शेवटी एक शहर. कारणं सांगतो.

पहिलं, ऑस्ट्रेलियाची जैवसुरक्षा. इंडोनेशियात २०२२ मध्ये गुरांचा लाळ्या-खुरकूत पसरला, तेव्हापासून बालीहून येणाऱ्यांच्या चपला-बुटांकडे तिथे बारकाईनं पाहतात. आधी बाली केलीत तर भातखाचरांत फिरलेले बूट, लाकडी मूर्ती, वेताच्या पिशव्या हे सगळं ऑस्ट्रेलियात जाहीर करावं लागेल आणि बॅगा उघडून दाखवाव्या लागतील. बाली नंतर केलीत तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं, हवा. जूनमध्ये मेलबर्नला दिवसा १४-१५ अंश, रात्री ६-७. सिडनीला १७-१८ आणि ९-१०. बालीत तेव्हा कोरडा हंगाम, दिवसा ३० च्या आसपास. नागपूरच्या ४५ अंशांतून निघून थंडी आधी उरकली की जाड कपडे बॅगेच्या तळाशी जातात आणि पुन्हा निघत नाहीत. शिवाय शहरांत रोज सात-आठ किलोमीटर पायपीट होते. आईंसाठी आणि आठ वर्षांच्या मुलासाठी ती ताज्या पायांनी झालेली बरी, समुद्रावरचा आराम त्यानंतर.

तिसरं कारण ज्वालामुखीचं, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबीच्या राखेमुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये आणि पुन्हा जून २०२५ मध्ये बालीची उड्डाणं रद्द झाली. राख एक-दोन दिवस राहते, मग वारा बदलतो. बालीहून थेट घरचं विमान असेल तर हे दोन दिवस सुट्टीच्या शेवटी उभे राहतात आणि पुढचं सगळं कोसळतं. बाली आणि घर यांच्यामध्ये दोन रात्रींचं शहर ठेवलं तर बुडतात त्या शहरातल्या रात्री, मुंबईचं विमान नाही. शेवटचं शहर हवं ते या राखीव दिवसांसाठी.

---

फुटाळा_काठ | रविवार, रात्री ११:२०

सोनेगावशी सहमत. एक भर: शेवटचं शहर सिंगापूरऐवजी क्वालालंपूर करा.

सिंगापूरला आपल्याला व्हिसा लागतो. ऑस्ट्रेलियाचा चालू व्हिसा असेल तर ९६ तासांची व्हिसामुक्त संक्रमण सवलत आहे, पण ती अटींवर आहे: तिसऱ्या देशात जाण्या-येण्याच्या वाटेवर असायला हवं, पुढचं पक्कं तिकीट हवं, आणि शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा मिळाला आणि तो वापरून मध्ये बाली करून आलात, तर या सवलतीवर पाच माणसांची भिस्त ठेवू नये. मलेशियात भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत ३० दिवस व्हिसा नको. पोचण्याआधी तीन दिवसांच्या आत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं, फुकट आहे. बेत २०२७ चा असेल तर मुदत वाढली का ते बुकिंगआधी बघा.

मुक्काम केएल सेंट्रल या क्वालालंपूरच्या मुख्य रेल्वे स्थानकाजवळ, ब्रिकफील्ड्सला. तो तिथला लिटल इंडिया, केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण चालत्या अंतरावर. विमानतळाच्या टर्मिनल १ पासून एक्सप्रेस रेल्वे २८ मिनिटांत केएल सेंट्रलला सोडते. बटू केव्ह्जच्या गुहामंदिराला २७२ पायऱ्या आहेत. आईंना खालच्या प्रांगणातूनच मुरुगनची (कार्तिकेयाची) भव्य मूर्ती पाहता येते, वर जायचा आग्रह नको.

---

अंबाझरी_५ | सोमवार, सकाळी ७:३५

क्रम पटला. मेलबर्न ४, सिडनी ४, बाली ६, क्वालालंपूर २. आता तिकिटांचं सांगा. एजंट म्हणतो, सगळं वेगवेगळं काढलं तर स्वस्त पडते.

---

सोनेगाव | सोमवार, सकाळी ८:५०

नियम एकच धरा: जिथे रात्रीचा मुक्काम आहे तिथे तिकीट वेगळं चालतं, जिथे नुसतं विमान बदलायचं आहे तिथे पीएनआर (बुकिंग क्रमांक) एकच हवा. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळ्या तिकिटांवर दुसरी कंपनी तुम्हाला 'आलेच नाहीत' म्हणून खोडते आणि पाच जणांचं नवं तिकीट त्या दिवशीच्या भावानं घ्यावं लागतं.

म्हणजे शोधताना 'रिटर्न' नाही, 'मल्टी-सिटी' निवडा आणि तीन ओळी भरा:

मुंबई ते मेलबर्न
डेनपसार (बालीचा विमानतळ) ते क्वालालंपूर
क्वालालंपूर ते मुंबई (दोन दिवसांनी)

मलेशिया एअरलाइन्स या तिन्ही जागी क्वालालंपूरमार्गे जाते, त्यामुळे हे एकाच तिकिटावर बसतं. जाताना क्वालालंपूरला फक्त विमान बदला, थांबू नका. मेलबर्नला सामान थेट जातं.

मधले दोन तुकडे सुटे. मेलबर्न–सिडनी दीड तासाचं देशांतर्गत उड्डाण. सिडनी–डेनपसार सहा-साडेसहा तास, जेटस्टार, क्वांटास, व्हर्जिन ऑस्ट्रेलिया थेट नेतात. हे क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे घेऊ नका, अख्खा दिवस जातो.

दोन खाचखळगे. मेलबर्नला विमानतळ दोन आहेत: टुलामरीन शहराजवळ, आणि ॲव्हलॉन नैर्ऋत्येला पन्नासेक किलोमीटरवर. स्वस्त भाड्यात ॲव्हलॉन निघतो, बुक करताना नाव वाचा. दुसरं, जेटस्टारच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात फक्त ७ किलो हातातलं सामान असतं आणि ते गेटवर वजन करतात. चेक-इन बॅग तिकीट काढतानाच घ्या, विमानतळावर तीच बॅग कितीतरी महाग पडते.

---

वर्धारोड | सोमवार, सकाळी ११:०५

नागपूरच्या तुकड्याबद्दल. शोधाच्या पहिल्या चौकटीत मुंबईऐवजी नागपूर टाकूनही एकदा बघा. एका पीएनआरवर मिळालं आणि फरक माणशी तीन-चार हजारांचा असेल तर डोळे मिटून तेच घ्या. कारण सामान. सुट्या देशांतर्गत तिकिटावर सहसा १५ किलो मिळतात, परदेशी तिकिटावर २५-३०. पाच जणांचं पन्नास किलो जास्तीचं सामान नागपूरच्या काउंटरवर निघालं तर वाचवलेले पैसे तिथेच जातात. सुटंच घ्यावं लागलं तर जास्तीचे किलो आधी ऑनलाइन घ्या.

मुंबईत उतरणार टर्मिनल १ की २ ते तिकिटावर बघा. आंतरराष्ट्रीय उड्डाण २ वरून. दोन्हींमध्ये रस्त्यानं चार-पाच किलोमीटर, पण गर्दीच्या वेळी अर्धा-पाऊण तास. जाताना सहा तासांचं अंतर ठेवा, रात्रीचं परदेशी विमान असेल तर नागपूरहून दुपारचं घ्या, संध्याकाळचं शेवटचं नको.

परतताना मात्र सावध राहा. मुंबईत पाऊस साधारण १० जूननंतर धरतो आणि तुम्ही १५-१६ ला उतरताय. भारतात पहिल्यांदा जिथे उतरता तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात, एक पीएनआर असला तरी. त्यात दीड तास जातो. सुट्या तिकिटावर पाच तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नका.

उड्डाण रद्दच झालं तर मुंबईहून रात्रीची दुरांतो, नाहीतर समृद्धीनं गाडी. जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला आहे. आणखी एक पर्याय फारसा कोणी पाहत नाही: हैदराबाद. क्वालालंपूरहून तिथे थेट विमान आहे आणि सिकंदराबादहून दुपारची वंदे भारत साधारण सव्वासात तासांत नागपूरला आणते. परतीच्या दिवसांत मुंबईचा पाऊस टाळायचा असेल तर तिसऱ्या ओळीत मुंबईच्या जागी हैदराबाद घालून भाडं बघा.

---

धरमपेठ_वाचनालय | सोमवार, दुपारी २:१५

मी वेगळं मत मांडते. बालीच का? मुलं आणि आई सोबत असताना ऑस्ट्रेलियातच केर्न्सला जा. सिडनीहून तीन तास. तिथून ग्रीन आयलंड बोटीनं पाऊण तास, फिट्झरॉय आयलंडही तसंच जवळ, आणि ग्रेट बॅरियर रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची रांग. जेलीफिशचा काळ साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणजे जून त्याच्या बाहेर. एक व्हिसा कमी, राखेची धास्ती नाही. केर्न्स–सिंगापूर थेट उड्डाण आहे, म्हणजे मुंबई–मेलबर्न आणि केर्न्स–सिंगापूर–मुंबई एका तिकिटावर बसतं. फुटाळा यांनी सांगितलेली ९६ तासांची सवलतही इथे सरळ लागते, कारण तुम्ही ऑस्ट्रेलियाहूनच येताय.

---

सोनेगाव | सोमवार, दुपारी ३:४०

ताई, मुद्दा रास्त आहे. पण दोन गोष्टी त्यांना माहीत असाव्यात. केर्न्स शहराला पोहण्याजोगा समुद्रकिनारा नाही, ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या आहेत. शहरात एस्प्लनेडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, पोहायचा मोकळा तलाव आहे, फुकट आणि मुलांना सुरेख. रीफ पाहायचा तर प्रत्येक वेळी बोटीचं तिकीट, पाच जणांचं. जूनमध्ये पाणी २३-२४ अंश, आपल्या मुलांना गारच वाटेल. बालीत हॉटेल, गाडी, जेवण तीनही बरंच स्वस्त. मुलांना मासे आणि पोवळी पाहायचीच असतील तर केर्न्स, सगळ्यांनी मिळून निवांत सहा दिवस काढायचे असतील तर बाली.

---

अंबाझरी_५ | सोमवार, रात्री ८:३०

घरात मतदान झालं, बाली. व्हिसाची कागदपत्रं आणि बालीतला मुक्काम कसा वाटायचा, हे सांगाल का?

---

फुटाळा_काठ | सोमवार, रात्री १०:००

सुरुवात पासपोर्टपासून. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, घरातल्या मोठ्यांचा पाहून अंदाज बांधू नका. इंडोनेशियाला उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने शिल्लक लागतात. मुलांच्या नूतनीकरणाला दोन्ही पालकांच्या सहीचं ॲनेक्शर डी हे संमतिपत्र लागतं. आणि ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी आहे, त्यांनी तिकिटाआधी ती दुरुस्त करून घ्यावी, विशेषतः जुन्या पासपोर्टवाल्या ज्येष्ठांनी. नावच आडनाव म्हणून दोनदा छापलेलं तिकीट चालतं, पण प्रत्येक काउंटरवर समजवावं लागतं.

ऑस्ट्रेलिया: सबक्लास ६०० हा पर्यटक व्हिसा, पूर्ण ऑनलाइन, पासपोर्टवर शिक्का लागत नाही. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, फी माणशी साधारण २०० ऑस्ट्रेलियन डॉलर, लहान मुलांनाही तेवढीच, नाकारला तरी परत नाही. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयकर विवरण, रजेचं पत्र, मुलांचे जन्मदाखले. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक वेळा खात्यात आदल्या महिन्यात अचानक आलेल्या मोठ्या रकमेमुळे. कुठून आली ते एका ओळीच्या पत्रात लिहून पुरावा जोडा. अडीच-तीन महिने आधी भरा.

बाली: आगमनावर व्हिसा, ५ लाख रुपिया माणशी, ३० दिवस. ऑनलाइन आधीच काढला तर रांग वाचते. वर पर्यटक कर दीड लाख रुपिया माणशी, १४ फेब्रुवारी २०२४ पासून. मुलांनाही दोन्ही. पाच जणांचे मिळून साडेबत्तीस लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण १७-१८ हजार. शिवाय आगमनाचा ऑनलाइन फॉर्म, तीन दिवसांच्या आत. सिडनीच्या काउंटरवर इंडोनेशियातून बाहेर पडण्याचं तिकीट मागतात, क्वालालंपूरचं छापून हातात ठेवा.

---

सीताबर्डी_७ | मंगळवार, सकाळी ९:२५

खाण्याचं सांगते, कारण तिथे खरी अडचण होते.

ऑस्ट्रेलियात नेताना: दुधाची कुठलीही मिठाई चालत नाही. म्हणजे आपली संत्रा बर्फी, पेढे, गुलाबजाम, सगळं बाद. तिकडच्या नातलगांनी कितीही मागितलं तरी नेऊ नका. ताजी फळं, कढीपत्ता, पेरता येतील अशा बिया नकोत. कंपनीच्या बंद पाकिटातला मसाला, चिवडा नेऊ शकता, पण आगमन कार्डावर खाद्यपदार्थाच्या प्रश्नाला 'हो'च लिहायचं. 'हो' लिहून दाखवलं आणि त्यांनी काढून घेतलं तर दंड नाही. 'नाही' लिहून सापडलं तर जागेवर दंड, व्हिसाही रद्द होऊ शकतो. पाच जणांचं खाणं एकाच पिशवीत वरती ठेवा.

पाच माणसांना एका हॉटेलखोलीत ठेवत नाहीत. दोन शयनकक्षांचं, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बघा. तांदूळ-डाळ तिथेच घ्या. सिडनीत हॅरिस पार्क, मेलबर्नला डँडेनाँग, दोन्हीकडे आपलं किराणा आणि जेवण मिळतं.

बालीत 'व्हेज' म्हटलं की ताटात मांस नसतं, पण सांबलमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, तेरासी असते. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी, खलबत्त्यात मिरची-टोमॅटोबरोबर कुटतात. रंग मिरचीचाच, डोळ्यांना काही कळत नाही, वासावरून मात्र ओळखू येते. गाडो-गाडो या भाज्यांच्या पदार्थावरच्या शेंगदाण्याच्या चटणीतही पडते. म्हणायचं 'तान्पा तेरासी, तान्पा इकान, तान्पा तेलुर': तेरासीशिवाय, माशाशिवाय, अंड्याशिवाय. नासी गोरेंगवर (परतलेल्या भातावर) अंडं न सांगता येतं, म्हणून तेलुर विसरू नका. तेम्पे निर्धास्त खा, सोयाबीनचंच आहे. पाणी बाटलीचं, दात घासायलाही.

---

सोनेगाव | मंगळवार, दुपारी १२:३०

बालीतल्या सहा रात्री: उबुड २, सानूर ४. तीन ठिकाणी मोडू नका. कुटा-सेमिन्याकला लाटा आणि ओढ जोरदार, आठ वर्षांच्या मुलासाठी नको. सानूरला प्रवाळाची भिंत लाटा अडवते, आत पाणी शांत. फक्त ओहोटीला पाणी लांब मागे सरकतं आणि गुडघ्याएवढंच उरतं, म्हणून भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून पोहायची वेळ ठरवा. किनाऱ्यालगतचा फरसबंद रस्ता काही किलोमीटर सपाट आहे, आईंसाठी त्याहून चांगली जागा बालीत नाही.

नुसा पेनिडा बेटाची फास्ट बोट सानूरहूनच सुटते, पाऊण तास. पण जून ते ऑगस्ट आग्नेयेचे वारे, समुद्र उसळतो. तिथल्या केलिंगकिंग किनाऱ्याची उतरण खडी आहे. शेजारच्या लेम्बोंगान बेटाला काही ठिकाणी पाण्यात पाय घालून उतरावं लागतं. आई आणि धाकटा सानूरला, बाकी तिघं सकाळच्या पहिल्या बोटीनं जाऊन दुपारी परत, असं करा.

स्कूटर भाड्यानं घेऊ नका. दुचाकीचा वैध परवाना नसेल तर विमा दावा नाकारतो. चालकासकट दिवसभराची सात आसनी गाडी ठरवा. एटीएममधून आधी पैसे येतात, कार्ड नंतर. लोक नोटा मोजत निघून जातात आणि कार्ड यंत्र गिळतं. 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' विचारलं की नाही म्हणा.

---

वर्धारोड | मंगळवार, दुपारी ४:१०

शहरांतलं थोडक्यात. मेलबर्नला ट्राम-रेल्वेसाठी मायकी कार्ड, शहराच्या मध्यभागी ट्राम फुकट. सिडनीत बँकेचं कार्डच टॅप होतं, पण एका कार्डावर एकच माणूस. मुलांना चाइल्ड ओपल हे प्रवासाचं कार्ड घ्या, नाहीतर मोठ्यांचं भाडं कापलं जातं. सिडनी विमानतळाच्या रेल्वे स्थानकाचा वेगळा अधिभार आहे, पाच जणांना टॅक्सी बरी.

मेअखेर ते जूनमध्य सिडनीत व्हिविड महोत्सव असतो, संध्याकाळी बंदराच्या इमारतींवर रोषणाई. मुलांना फार आवडेल, पण हॉटेलं महाग. जूनचा दुसरा सोमवार राजाच्या वाढदिवसाची सुट्टी, तो शनिवार-रविवार सिडनीत येऊ देऊ नका. मेलबर्नला सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या खडकांची एकदिवसीय सहल जूनमध्ये घाईची होते. त्याऐवजी फिलिप आयलंड, पेंग्विन सूर्यास्तानंतरच वर येतात, म्हणजे लवकरचा अंधार सोयीचा.

आईंसाठी: व्हीलचेअर बुकिंगनंतर लगेच आणि ४८ तास आधी पुन्हा पक्की करा. विम्यात रक्तदाब लिहाच, लपवला तर सगळाच दावा जातो. गोळ्या मूळ पाकिटात, औषधाचं मूळ नाव लिहिलेली चिठ्ठी हातातल्या पिशवीत.

---

अंबाझरी_५ | मंगळवार, रात्री ९:४५

सगळं उतरवून घेतलं. शेवटचं: आधी तिकीट की आधी व्हिसा? आणि पाच जणांना किती बॅगा?

---

सोनेगाव | मंगळवार, रात्री १०:२०

आधी ऑस्ट्रेलियाचा व्हिसा, तिकिटाची गरज नसते. अर्जासोबत मोफत रद्द होणारी हॉटेलं आणि दिवसवार आराखडा जोडा. व्हिसा आला की त्याच आठवड्यात मुंबई–मेलबर्न, डेनपसार–क्वालालंपूर–मुंबई हे तिकीट. मग सिडनी–डेनपसार, मग मेलबर्न–सिडनी, आणि नागपूर–मुंबई सुटं घेत असाल तर ते सगळ्यात शेवटी, कारण परदेशी विमानाची वेळ दोन-तीनदा हलते आणि नागपूरचं तिकीट बदलायला परत पैसे लागतात.

जेटस्टारवर पाचही जणांना बॅग घेऊ नका. २० किलोच्या तीन पुरतात. जाड जॅकेटं अंगावर घालून चढा.